शाळा सोडण्याचे कारण

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय. बोलताना मी फार वेळा ‘म्हणजे’ म्हणतो, तेवढे काढून टाकलेत. बाकी जवळपास तसंच आहे.

मागच्या महिन्यात गावी गेलो होतो. गाव वढू बुद्रुक, तालुका शिरूर. संभाजी महाराजांची समाधी आहे ते वढू. पुण्याहून नगर रोडने कोरेगाव भीमापर्यंत यायचं आणि आत वळायचं. माझा चुलतभाऊ माझ्याच वयाचा, दोघंही अठ्ठावीसचे. त्याला दहावीचा १७ नंबरचा फॉर्म भरायचा होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं असेल तर बोर्डाचा हा फॉर्म भरतात. हल्ली ऑनलाइन असतो. घरात कॉम्प्युटरवाला मी एकटा, म्हणून काम माझ्याकडे आलं.

आधार झालं, फोटो झाला. मग मागितला शाळा सोडल्याचा दाखला. काकूने पत्र्याच्या पेटीतून काढून दिला. घडीवर फाटलेला, चिकटपट्टी लावलेली. मोबाइलवर फोटो काढताना मी तो पहिल्यांदा नीट वाचला. इयत्ता आठवी. सन २०११. प्रगती: समाधानकारक. वर्तणूक: चांगली. आणि शेवटी एक रकाना असतो, ‘शाळा सोडण्याचे कारण’. त्यात लिहिलं होतं, ‘पालकांच्या विनंतीवरून’.

मला हसू आलं. तो हसला नाही. म्हणाला, “विनंती कसली? दादांचा पाय मोडला होता. दोन म्हशी होत्या, उसाचं पाणी होतं. कोण करणार?”

आता यातली गंमत म्हणा नाहीतर चीड म्हणा, ती अशी. शिक्षण हक्क कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. सहा ते चौदा वर्षं, पहिली ते आठवी. माझा भाऊ जून २०१० मध्ये आठवीत गेला. त्याच्या वाट्याला हा हक्क आला एक वर्ष. पुढच्या उन्हाळ्यात तो चौदाचा झाला, आठवी झाली आणि कायद्याचं त्याच्यावरचं लक्ष संपलं. त्यानंतर नगर रोडवरच्या एका गॅरेजमध्ये तो हवा भरायला लागला.

मी त्याला विचारलं, “कायद्यात चौदाच्या जागी अठरा असतं तर बरं झालं असतं का रे?” तो म्हणाला, “शाळेत बसून काय केलं असतं? तू बोलायला मोकळा, तुला शाळा आवडायची.”

त्याचं हे वाक्य घेऊन मी पुण्याला परत आलो. हा एपिसोड त्याचं उत्तर शोधायचा प्रयत्न आहे. शाळेत राहण्याचं सक्तीचं वय वाढवलं तर पोरांचं भलं होतं का? आणि मुळात हे ‘चौदा’ आलं कुठून? आमच्या गावात चौदा म्हटलं की लोक सांगतात, शंभूराजांनी चौदाव्या वर्षी ‘बुधभूषण’ लिहिला. त्या वयाबद्दल अभ्यासकांची मतं वेगळी आहेत, तो विषय दुसऱ्या दिवशी. पण कायद्यातलं चौदा तिथून नक्कीच आलेलं नाही.

सुरुवात करूया पुण्यापासून, १८८२ पासून. इंग्रज सरकारने शिक्षणाची चौकशी करायला हंटर आयोग नेमला होता. त्याच्यापुढे जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ ला लेखी निवेदन दिलं. त्यांचा मुद्दा हिशेबाचा होता. सरकारची तिजोरी भरते शेतकऱ्याच्या घामातून, आणि शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. इलाख्यातल्या दहापैकी नऊ गावांत शाळेची सोयच नाही. म्हणून त्यांची मागणी होती की प्राथमिक शिक्षण एका ठरावीक वयापर्यंत सक्तीचं करा, निदान बारा वर्षांपर्यंत.

या बारा आकड्याचं वजन कळायला शेजारी दुसरा आकडा ठेवावा लागतो. आदल्याच वर्षी, १८८१ मध्ये, देशातला पहिला कारखाना कायदा झाला होता. त्यात काय म्हटलं होतं? सात वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवू नका. सात! आणि सात ते बारा वयाच्या मुलाला दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नका. म्हणजे मुंबईच्या गिरणीत आठ वर्षांचं पोर नऊ तास उभं राहणं कायदेशीर होतं, तेव्हा हा माणूस म्हणतोय की बारा वर्षांपर्यंत ते पोर शाळेत हवं.

फुल्यांच्या निवेदनातली आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती फार कमी वेळा सांगितली जाते. सक्ती करा एवढं म्हणून ते थांबले नाहीत. शाळेत काय शिकवायचं तेही त्यांनी लिहून दिलं. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, व्याकरण, शेतीचं प्राथमिक ज्ञान, आरोग्य आणि नीती. मास्तर शक्यतो शेतकरी समाजातला असावा, प्रशिक्षित असावा, त्याला बरा पगार असावा. म्हणजे पोराला आत डांबायच्या आधी आत काय आहे ते बघा, असं ते सांगत होते. हा धागा धरून ठेवा, शेवटी लागणार आहे.

आयोगाने ती सक्ती काही मानली नाही. पण दहा-अकरा वर्षांनी एका मराठी माणसाने ती गुजरातीत करून दाखवली. सयाजीराव गायकवाड. हे मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, शेतकऱ्याच्या घरातले. बारा वर्षांचे होईपर्यंत शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, मग १८७५ मध्ये दत्तक जाऊन एकदम बडोद्याचे महाराज झाले आणि तेव्हा धुळाक्षरं गिरवली. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानात नेला. वय ठरलं मुलांसाठी सात ते बारा, आणि मुलींसाठी सात ते दहा. मुलींना दोन वर्षं कमी. का, ते विचारायची गरज आहे का?

पोरगं शाळेत आलं नाही तर बापाला दंड. पुढे १९१७ मध्ये कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानात मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण जाहीर केलं, तिथेही दंड होता, महिन्याला एक रुपया. त्या काळात मजुराला हा रुपया म्हणजे चांगलाच चिमटा. मला शाहू महाराजांबद्दल प्रचंड आदर आहे, पण दंड या गोष्टीवर मी अडतो. माझ्या काकांना २०११ मध्ये दंड केला असता तर काय झालं असतं? एक म्हैस आधी विकली गेली असती, बस.

आता गोखले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव मांडला, १९११ मध्ये विधेयक आणलं. आज वाचलं तर हे विधेयक इतकं नरम वाटतं की आपण म्हणू, याला कोण विरोध करणार? सहा ते दहा वय. आधी फक्त मुलगे. तेही देशभर नाही, ज्या नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला हवंय तिथे, आणि तिथेही आधीच बऱ्यापैकी मुलं शाळेत जात असतील तरच. तरी १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. सरकार म्हणालं पैसा नाही आणि लोकांकडून मागणी नाही. जमीनदार म्हणाले शेतावर माणूस मिळणार नाही. आणि काही जण म्हणाले, गरिबावर जुलूम होईल हो.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे. सक्ती गरिबावर जुलूम आहे, असं म्हणणाऱ्यांपैकी कुणाचा मुलगा घरी गुरं राखत होता? त्यांच्या घरी सक्तीची गरजच नव्हती. पोरगं शाळेत जाणारच, पुढे कॉलेजात जाणारच, कुणी विलायतेलाही जाणार. मी ही सगळी चर्चा वाचत गेलो तेव्हा हेच परत परत दिसलं. आणि मग लक्षात आलं की आज माइकसमोर बसून ‘शाळेचं वय वाढवावं का’ असं विचारणारा मीसुद्धा त्यांच्यातलाच आहे. माझी दहावी, बारावी, बी.टेक. हे कुणी कायद्याने करवलं नव्हतं.

पुढचं जरा भरभर सांगतो. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात कायदा झाला, पण तो जिल्ह्यांतल्या नगरपालिकांपुरता. नगरपालिकेने ठरवलं तर सक्ती. पुण्यात त्यावरून वाद पेटला: सक्ती फक्त मुलांना करायची की मुलींनाही? पैसा कमी आहे, आधी मुलांचं बघू, मुलींचं नंतर. रमाबाई रानडे आणि त्यांच्याबरोबरच्या बायका १९२० च्या सुमारास याच प्रश्नावर रस्त्यावर उतरल्या. ‘मुलींचं नंतर’ हे उत्तर त्यांना मान्य नव्हतं. १९२३ च्या कायद्याने ग्रामीण भागाचा रस्ता कागदावर उघडला. कागदावरच.

मग चौदा कधी आलं? १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली. तिथून नयी तालीम निघाली: सात ते चौदा, सात वर्षांचं मोफत सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, आणि मध्यभागी एखादा हातकामाचा व्यवसाय. १९४४ च्या सार्जंट योजनेतही सहा ते चौदा आहे, फक्त ती गाठायला चाळीस वर्षं लागतील असं म्हटलं होतं. बाळ गंगाधर खेर, आपल्या मुंबई प्रांताचे पंतप्रधान, त्यांच्या समितीने चाळीसचे सोळा केले. घटनेने सोळाचे दहा केले. कलम ४५: दहा वर्षांच्या आत, चौदा वर्षं पूर्ण होईपर्यंत, सर्व मुलांना. म्हणजे १९६० पर्यंत. प्रत्यक्षात हक्काचा कायदा लागू झाला २०१० मध्ये. आमच्या कंपनीत डेडलाइन दोन आठवडे पुढे गेली तरी मेलवर मेल येतात. इथे पन्नास वर्षं.

पण मला सगळ्यात जास्त हलवून गेला तो घटना समितीतला २३ नोव्हेंबर १९४८ चा दिवस. मसुद्यातलं कलम ३६ चर्चेला होतं. एका सदस्याचं म्हणणं होतं, ‘शिक्षण’ ऐवजी ‘प्राथमिक शिक्षण’ असं लिहा, सरकारला झेपेल तेवढंच. डॉ. आंबेडकरांनी ते मान्य केलं नाही. त्यांचं कारण अगदी साधं होतं. ते म्हणाले, मसुद्याच्या कलम १८ मध्ये आपण चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायला बंदी घालतोय. मग ते मूल कामावर नसेल तर त्या वयात ते कुठल्या तरी शिक्षणसंस्थेतच असायला हवं.

मी हे दोनदा वाचलं. म्हणजे चौदाच्या मागे ‘किती शिकलं की माणूस शहाणा होतो’ असलं काही गणित नाही. पोराचा हात कामावरून काढून घ्यायचा असेल तर तो कुठेतरी ठेवायला हवा, ही जोडणी आहे. एका बाजूला कामाचं दार बंद, दुसऱ्या बाजूला शाळेचं दार उघडं, आणि दोन्ही दारं एकाच वयाला. १८८१ चं सात, १८९१ चं नऊ, १९२२ चं बारा, असं कामाचं वय वर सरकत गेलं आणि शाळेचं वय त्याच्या मागे सरकत गेलं.

आता आजच्या कायद्यात ही जोडणी तपासा. बालमजुरीचा कायदा २०१६ मध्ये बदलला. चौदाखाली काम बंद, घरचं काम किंवा घरचा धंदा असेल तर शाळा सांभाळून सूट. चौदा ते अठरा: धोक्याची कामं बंद, बाकी चालू. शिक्षण हक्क: चौदाला संपतो. लग्नाचा कायदा: मुलगी अठराची हवी. आणि सणसवाडी, रांजणगाव पट्ट्यात कुठल्याही कंत्राटदाराकडे गेलात तर आधार बघतो, अठरा पाहिजे. मग आठवी झालेल्या पोराने चौदा ते अठरा ही चार वर्षं कुठे काढायची? आम्ही प्रोग्रॅम लिहिताना एखादी केस हाताळायची राहिली की तो नेमका तिथे कोसळतो. ही तशी राहिलेली केस आहे. माझ्या भावाने ती चार वर्षं गॅरेजमध्ये काढली. आयटीआय चौदाव्या वर्षापासून करता येतं, हे त्याला आणि काकांना कुणी सांगितलंच नाही. त्याला आज पाना कुठला कुठे लागतो ते डोळे मिटून कळतं, पण कागद नाही. कागद नाही म्हणून तो कंत्राटी. त्याच्याच लाइनवरचा आयटीआय झालेला मुलगा कायम झाला.

आणि माझ्या वर्गातली एक मुलगी. आम्ही दहावीची परीक्षा दिली मार्चमध्ये, तिचं लग्न मे मध्ये. निकाल लागला तेव्हा ती सासरी होती. मला पंच्याऐंशी टक्के होते, तिला माझ्यापेक्षा जास्त. महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायकांमध्ये साधारण २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, असं २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. पाचातली एक. तिच्या लग्नाला आख्खं गाव जेवायला होतं. मीही होतो.

बरं, आता ज्यांनी वय वाढवून पाहिलं त्यांचं काय झालं? इंग्लंडमध्ये १८८० मध्ये सक्ती आली तेव्हा वय दहा होतं. मग अकरा, बारा, चौदा. दुसऱ्या महायुद्धानंतर, देश कर्जात बुडालेला असताना, १ एप्रिल १९४७ ला त्यांनी ते पंधरा केलं. वर्ग कमी पडले म्हणून शाळांच्या आवारात तात्पुरत्या खोल्या उभ्या केल्या. १९७२ मध्ये सोळा. आता तिकडे अठरापर्यंत काहीतरी शिक्षण किंवा प्रशिक्षण घ्यावंच लागतं.

संशोधकांना १९४७ फार आवडतं. कारण कल्पना करा, दोन मुलं, एकाचा जन्म मार्च १९३३ चा, दुसऱ्याचा एप्रिल १९३३ चा. पहिला चौदाव्या वर्षी बाहेर, दुसऱ्याला एक वर्ष जास्त बसावं लागलं. बाकी दोघं सारखेच. मग आयुष्यभर दोघांचं काय झालं ते तपासा, म्हणजे त्या एका वर्षाची किंमत कळते. आधी निम्म्याहून जास्त मुलं चौदालाच शाळा सोडत होती, त्यामुळे फरक पडलाच तर दिसणार होता.

फिलिप ओरिओपोलस यांनी २००६ मध्ये हे मोजलं आणि म्हणाले, त्या एका वर्षाने कमाई दहा टक्क्यांहून जास्त वाढली. सगळीकडे वाहवा. मग २०१० मध्ये डेव्हरो आणि हार्ट यांनी दुसरी, जास्त चांगली आकडेवारी घेऊन तेच मोजलं, तर पुरुषांसाठी फायदा तीनेक टक्के आणि बायकांसाठी जवळपास काही नाही. २०१३ मध्ये क्लार्क आणि रॉयर यांनी पाहिलं की शाळेत जास्त राहिलेली माणसं जास्त जगली का. नाही. जर्मनीतही असंच वय वाढवलं होतं, तिथे पगारात फरक सापडला नाही.

हे वाचून माझा भाऊ बरोबर निघाला असं वाटतं ना? ‘शाळेत बसून काय केलं असतं?’

पण थांबा, तुर्कस्तान बघा. तिथे १९९७ मध्ये सक्तीचं शिक्षण पाच वर्षांवरून एकदम आठ वर्षं केलं. नंतर पाहणी केली तेव्हा मुलींची लहान वयातली लग्नं ठळकपणे कमी झालेली दिसली. नॉर्वे आणि अमेरिकेतही सक्तीचं वय वाढल्यावर किशोरवयातली बाळंतपणं घटली. त्या मुली वर्गात काय शिकल्या हा वेगळा प्रश्न. पण ‘अजून शाळेत आहे ती’ हे वाक्य बापाला पाहुण्यांसमोर म्हणता आलं. आमच्याकडे पाहुणे बघायला येतात तेव्हा हे वाक्य किती कामाचं असतं, ते गावाकडच्या ऐकणाऱ्या मुलींना सांगायला नको.

माझं मत इथे बनलं. मुलीसाठी शाळेची भिंतच कामाची आहे, आत साधारण शिकवत असले तरी. मुलाला नुसती भिंत पुरत नाही, त्याच्यासाठी आत काय आहे यावर सगळं अवलंबून आहे. हे जरा ढोबळ आहे, मला कळतं. पण मी पाहिलेल्या घरांमध्ये असंच दिसतं.

आणि मुलींच्या बाबतीतसुद्धा सक्तीपेक्षा साधी गोष्ट काम करून जाते. बिहारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली दिल्या. मुरलीधरन आणि प्रकाश यांनी ते मोजलं, माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली. दंड नाही, नोटीस नाही, एक सायकल. आपल्याकडे एसटीचा मुलींना बारावीपर्यंत मोफत पास आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा. तो पास चालतो कारण बस येते. जिथे बस येत नाही तिथे पास म्हणजे पाकिटातला कागद. उसाच्या हंगामात आमच्या शिरूर-दौंडकडे कोयत्यावर येणाऱ्या कुटुंबांची पोरं बघा, चौदाच्या आतली, कायद्याच्या पूर्ण कक्षेतली, आणि सकाळी बैलगाडीच्या मागे चालत असतात. त्यांच्यासाठी वय अठरा केलं काय आणि ऐंशी केलं काय, हंगामी वसतिगृह नीट चाललं तर फरक पडेल.

म्हणूनच २००९ च्या कायद्यातली एक व्याख्या मला फार आवडते. कलम ८ मध्ये सांगितलंय की ‘सक्तीचं शिक्षण’ म्हणजे सरकारवरची सक्ती. प्रवेश, हजेरी, शिक्षण पूर्ण होणं, हे बघायचं काम सरकारचं. बापाला दंड नाही. सयाजीराव आणि शाहू महाराजांच्या वेळचा दंड शंभर वर्षांत असा उलटा फिरला. आता २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं की २०३० पर्यंत तीन ते अठरा वयाच्या सगळ्यांना शिक्षण. छान. पण ते धोरण आहे. कायद्यातलं सहा ते चौदा अजून तसंच आहे.

आत काय असावं, हे विचारायला मला लांब जायची गरज नाही. आमच्याच तालुक्यात, शिक्रापूरहून आत, पाबळ आहे. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतून पीएच.डी. केलेला, मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात काम केलेला माणूस दुष्काळी गावात येऊन बसला. आणि कोणासाठी? शाळेतून गळलेल्या पोरांसाठी. आठवीपर्यंत शिकलेला मुलगा तिथे एक वर्ष राहतो आणि वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती, जनावरं, अन्नप्रक्रिया असं सगळं हाताने करत शिकतो. नुसतं शिकत नाही, गावातली खरी कामं करून देतो. गणित येतं ते पत्र्याचा खर्च काढताना, विज्ञान येतं ते मोटर जळाल्यावर. त्या अभ्यासक्रमाला राष्ट्रीय मुक्त शाळेची मान्यता आहे, म्हणजे कागदही मिळतो. २००२ मध्ये तिथे फॅब लॅब उभी राहिली, अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरची पहिली. पाबळमध्ये!

त्यांनी शाळांमध्येही आठवी ते दहावीला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय नेला. फुल्यांच्या निवेदनातली शेती आणि हिशेब, वर्ध्याचं हातकाम, आणि हे, एकाच वाटेवरचे थांबे आहेत असं मला वाटतं. माझ्या भावाच्या शाळेत हा विषय नव्हता. असता तर तो थांबला असता का? मी त्याला फोन करून विचारलं. म्हणाला, “वेल्डिंग शाळेत? मग म्हशी तू बघितल्या असत्यास.”

म्हणजे बघा, म्हशींचा प्रश्न राहिलाच. मोडलेला पाय राहिला. त्याच्या एका वर्षाच्या हजेरीची घराला किंमत होती आणि ती कुणीतरी द्यायला हवी होती. जोडीला दोन-चार हजारांची शिष्यवृत्ती असती तर कदाचित काकांनी गडी लावला असता. कदाचित नसताही लावला.

तरी कोणी मला उद्या मतदानाला उभं केलं तर मी अठराच्या बाजूने हात वर करेन. दोन अटी घालून: सक्ती सरकारवर, आणि नववीपासून पुढे पाबळसारखं काहीतरी तालुक्यातल्या प्रत्येक हायस्कूलमध्ये. या अटी नसतील तरी मुलींसाठी मी हात वरच ठेवेन. त्या मे महिन्यातल्या जेवणात मी श्रीखंड दोनदा घेतलं होतं, ते अजून आठवतं.

फॉर्म भरून झाला. त्यात विषय निवडायचे होते. भावाने गणित पाहिलं आणि म्हणाला, “हे जमेल का?” मी म्हटलं, “भागाकारापासून सुरू करू.” आता रोज रात्री साडेनऊला, त्याची सेकंड शिफ्ट नसेल तेव्हा, आम्ही व्हिडिओ कॉलवर बसतो. काल तो अपूर्णांक शिकताना म्हणाला, “अरे, हे तर पान्याचे नंबर.” तीन अष्टमांश, पाच सोळांश. मला ते पाने माहीतच नव्हते, त्याने पेटी उघडून एकेक कॅमेऱ्यासमोर धरून दाखवले.

पुढचा एपिसोड दोन आठवड्यांनी. तोपर्यंत घरच्या पेटीतला दाखला काढा आणि तो शेवटचा रकाना बघा.